अव्वाचा तांबडा दिवा

आयुष्यात मी लई मोटारी चालवल्या, पण एका तांबड्या दिव्यानं मला जेवढं छळलं तेवढं कुठल्या फुटक्या टायरनं की मोडक्या पाट्यानं छळलं न्हाय. ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या फळीवर हरभऱ्याएवढी तांबडी काच होती आणि तिच्यामागं एक बारकासा बल्ब. चावी फिरवली की तो लागायचा, इंजिन चालू होऊन जरा वेग धरला की जायचा. एवढंच त्याचं काम. त्या दिव्यापायी मी एका भल्या माणसाच्या पोटावर पाय दिला, आणि जिच्या हातची भाकरी खाल्ली तिचाच जीव धोक्यात घातला. कशापायी? हेव्यापायी. आता म्हातारपणी लाजून काय करायचंय?

निजामाचं राज्य होतं. मुरूमच्या बाजारात अप्पांची आडत होती. अप्पा म्हणजे माझे मालक, लिंगायत व्यापारी, बोलायला कमी आणि चिडायला तयार. त्यांची एक मालमोटार होती, ती सहा वर्षं मी चालवत होतो. तूर, करडई, गूळ भरून सोलापूरला जायचं आणि तिकडून कापड, रॉकेल घेऊन यायचं. मधी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथं पोती उतरवा, शिपायाला दाखवा, परत चढवा. हाडं खिळखिळी व्हायची. पण मी कधी कुरकूर केली न्हाय, कारण परत आल्यावर अव्वाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी माझं ताट असायचं.

अव्वा म्हणजे अप्पांची आई. घरात सगळे कानडीच बोलायचे, बाहेर मराठी. माझी आई मी रांगत होतो तवाच गेलेली. पहिल्या दिवशी अव्वानं मला विचारलं, "जेवलास का मगा?" कानडीत मगा म्हणजे लेक. बाकीच्या गड्यांना ती नावानं हाक मारायची, नायतर "ए तम्मा" म्हणायची. मगा फक्त मला. त्या एका शब्दावर मी सहा वर्षं काढली म्हणलं तरी चालंल.

जर्मनची लढाई संपली त्या साली अप्पांनी सोलापुरातून एका साहेबाची वापरलेली मोटार घेतली. काळीभोर, कापडी टपाची, पितळी दांड्यांची. गाडी यायच्या आधीच मी सगळ्या बाजाराला सांगून मोकळा झालो होतो की आता मालमोटारीवर दुसरा गडी येणार आणि मी अव्वाला घेऊन देवदर्शनाला फिरणार. पांढरा सदरासुद्धा शिवून घेतला होता. गाडी आली. पण तिच्या स्टेअरिंगवर एक माणूस बसून आला, तो उतरला आणि अप्पा म्हणाले, "हा आपला नवा ड्रायव्हर. फौजेच्या मोटारखान्यात होता. बिजलीचं सगळं काम येतं त्याला."

नवा सदरा घालून मी तिथंच उभा होतो. लोकं माझ्याकडं बघून तोंडातल्या तोंडात हसले.

त्याला आम्ही सगळे फौजीच म्हणायचो. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. काम झालं की साबणानं हात धुवायचा, मला नेमानं "दादा" म्हणायचा, कुणाशी वाकडं बोलायचा न्हाय. एखादा खोडसाळ असता तर मला बरं झालं असतं. चांगल्या माणसाचा राग करायला लई मेहनत पडते, आणि ती मी घेतली. त्याच्या खिशात एका रुमालात गुंडाळलेला एक बल्ब असायचा, त्याला दोन तारा जोडलेल्या. ही त्याची नाडी बघायची तऱ्हा. कुठल्या तारेत बिजली येते, कुठल्या तारेत येत न्हाय, ते तो बल्ब टेकवून सांगायचा.

आल्यावर आठच दिवसांत गाडीचा डावा हेडलाइट मंद झाला. अप्पांनी मला विचारलं. मी म्हणालो, "बल्ब गेला. सोलापूरहून आणावा लागंल." फौजीनं बल्ब काढला, आपल्या डोळ्यापुढं धरला, परत बसवला. मग दिव्याचा पाय जिथं मडगार्डला लागतो तिथला नट ढिला केला, खाली साठलेला गंज कानशीनं घासला आणि नट आवळला. बटण दाबलं तर दिवा लख्ख.

"बल्बचा कसूर न्हाय अप्पा," तो म्हणाला. "बिजली तारेनं दिव्यात जाती आणि गाडीच्या लोखंडातून परत येती. परतीची वाट गंजली होती."

बाजारातली दहाबारा माणसं जमली होती. सगळ्यांनी "वा रे पठ्ठ्या" केलं. अप्पा, जे कधी हसत न्हायत, ते हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गंज मलाही घासता येतो की! सहा वर्षं मी काय गवत उपटत होतो काय? पण मला ठाऊक नव्हतं आणि त्याला ठाऊक होतं, ही गोष्ट काही केल्या गिळता येईना.

तरीबी मी सगळं सोसलं असतं. गाडी गेली तर गेली, अव्वा तर माझीच होती, असं मनाला समजावत होतो. पण पुढं अणदूरची वारी निघाली.

अव्वाचं कुळदैवत अणदूरचा खंडोबा. ती त्याला मल्लय्या म्हणायची. तिचा एक नेम होता. निघताना घरच्या देवापुढं दिवटी पेटवायची आणि देवळात पोचेपर्यंत ती जाऊ द्यायची न्हाय. बैलगाडीतून जायची तवा पदराच्या आडोशानं दिवटी सांभाळायची, घटकेघटकेला तेल घालायची. दिवटी वाटेत गेली तर देव घरात यायचा न्हाय, असं तिचं म्हणणं. आता मोटारीतही ती पेटती दिवटी घेऊनच पुढच्या सीटवर बसली. मी दारात उभा. पोती भरायची सोडून बघत होतो.

फौजीनं हात जोडले. "अव्वा, तुमच्या पायाशी पेट्रोलचा डबा हाय. एक ठिणगी पडली तर आपण इथूनच मल्लय्याकडं जाऊ."

"मग डबा काढ."

"डबा काढला तर मागारी कसं यायचं? वाटेत पेट्रोल मिळत न्हाय अव्वा."

अव्वाचं तोंड एवढंसं झालं. दिवटी तिनं सुनेच्या हातात दिली. तेवढ्यात फौजीनं चावी फिरवली आणि फळीवरचा तांबडा दिवा लागला. अव्वानं तो बघितला आणि तिचा चेहरा उजळला. "अग्गाई, हितंच दिवा हाय की! मल्लय्यानं सोय केली बघ." तिनं हात जोडून कपाळाला लावले. भंडाऱ्याची चिमूट त्या काचेला लावली. मग इंजिन लागलं, त्यानं जरा जोर धरला आणि दिवा गेला.

"दिवा गेला रे!" अव्वा ओरडली. "थांब, थांब!"

फौजीनं तिला समजावलं. दोन बैल समोरासमोर उभे करून एकमेकांना ढकलायला लावले तर कुणीच हलत न्हाय. तसंच एका बाजूनं बॅटरी ढकलते, दुसऱ्या बाजूनं इंजिनावर फिरून बिजली करणारा डायनामो ढकलतो, मधल्या दिव्यातून बिजली वाहतच न्हाय. "म्हणून तो गेला की समजायचं डायनामो काम करतोय, सगळं ठीक हाय. चालत्या गाडीत लागला, तर समजायचं संकट."

अव्वा म्हणाली, "लागला की संकट आणि गेला की बरं? असा कुठला उलटा दिवा रं? आमच्या घरात दिवा जाणं म्हणजे अपशकुन."

पण गेली ती. आणि संध्याकाळी परत आल्यावर, मी उंबऱ्याशी जेवत असताना, तिनं फौजीला आत बोलावून हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची वाटी हातात दिली. वर तुपाची धार. आणि म्हणाली, "किती जपून चालवलीस. पोटातलं पाणी हललं न्हाय. खा मगा."

मगा.

त्या वेळी कुणी माझ्या हातात विळा दिला असता तर मी काय केलं असतं सांगता येत न्हाय. गाडी नेलीस, नाव नेलंस, अप्पाचं हसू नेलंस, आता हेबी? मी ताट तसंच ठेवून उठलो. अव्वानं विचारलं, "जेवण सोडलंस का रे?" मी म्हणालो, "पोटात दुखतंय." ते तर खरंच होतं.

दोनतीन दिवसांनी मी तिला तूर निवडताना गाठलं. ती आपसूकच बोलली, "त्या पोराचं सगळं बरं हाय, पण वाटेत दिवा जातो ते मनाला लागतं बघ."

मी आजूबाजूला बघितलं आणि खाली बसलो. "अव्वा, त्याला एवढं कळत न्हाय. फौजेत सगळं साहेबाच्या रिवाजानं शिकवतात. गाडी राजी असली की दिवा लागतो. ती रुसली की जातो. तुमची दिवटी मी वाटभर जळती ठेवून देतो की."

"खरं म्हणतोस?"

"व्हय. पण कुणाला बोलू नका. नजर लागंल."

किती सहज बोललो मी! चोराला चांदणं आवडत न्हाय म्हणतात. मी भर उन्हात बोललो आणि जीभ अडखळली न्हाय.

बाजाराच्या दिवशी फौजी भाजी आणायला गेला तवा मी गाडीत शिरलो. फळी मागनं उघडी होती. त्या दिव्याला दोन तारा होत्या. एक चावीकडून यायची, दुसरी डायनामोकडं जायची. बैलांची गोष्ट त्यानंच सांगितलेली, तीच मला उपयोगी पडली. डायनामोकडची तार मी काढून टाकली आणि दिव्याच्या त्या टोकाला दुसरी तार जोडून ती फळीच्या मागच्या लोखंडाला पेचाखाली दाबली. एक बैलच मी सोडून दिला म्हणा. आता चावी फिरवली की दिवा लागणार आणि चावी काढेपर्यंत जळणार. डायनामो जगो की मरो, त्याला काही खबर न्हाय. या गाडीत बिजली मोजायचा काटाही होता, पण तो साहेबाच्या घरीच मोडला होता. म्हणजे आता सांगणारं कुणीच उरलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी अप्पा उमरग्याला कचेरीत जायला निघाले. गावाबाहेर पडेपर्यंत फौजीनं गाडी वळवून परत आणली. तांबडा दिवा जात नव्हता. झालं, सुरू झाली तपासणी. त्यानं आधी अंगठ्यानं पट्टा दाबून बघितला, पट्टा ताठ होता. मग डायनामोची पट्टी सरकवून आतले कार्बनचे ब्रश बाहेर काढले, काचकागदानं घासले, परत बसवले. दिवा जळतोच. मग त्यानं डायनामो आणि बॅटरीच्या मधल्या कटआउटचं झाकण उघडलं, त्याची टोकं साफ केली. दिवा जळतोच. गर्दी वाढत होती. मी पोत्यांच्या थप्पीवर बसून शेंगा खात होतो. खोटं कशाला सांगू, तितक्या गोड शेंगा मी परत कधी खाल्ल्या न्हाईत.

"काय फौजी, दिवा हट्टाला पेटलाय वाटतं?" मी वरनं विचारलं.

"दादा, कुठंतरी चुकतंय माझं," तो म्हणाला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

दुपारी त्यानं गाडी आडतीच्या चुन्याच्या भिंतीपुढं नेऊन लावली आणि शेडच्या सावलीत हेडलाइट लावले. इंजिन हळू ठेवलं, भिंतीवरचा उजेड बघितला. मग पायानं वेग वाढवला. उजेड वाढला. परत कमी केला, परत वाढवला. "डायनामो तर जिवंत हाय," तो आपल्याशीच पुटपुटला. "मग दिवा खोटं का बोलतोय?"

पण तोवर अप्पांचा सबर संपला होता. कचेरीची वेळ टळली होती आणि बाजारात हसं झालं होतं. अव्वानंही दारातनं सांगितलं, "दिव्याला का बोल लावता? गाडी जुन्या गड्याच्या हातात द्या. दिवा त्यालाच समजतो." अप्पांनी तिथंच हुकूम सोडला. उद्यापासून फौजी मालमोटारीवर, आणि मी गाडीवर.

आनंद झाला का? लई झाला. रात्री झोप लागली न्हाय इतका.

सकाळी चावी द्यायला फौजी गाडीपाशी थांबला होता. फळीमागं हात घालून त्यानं नेमकी ती तार बोटावर घेतली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"दादा, ही तुम्ही जोडली?"

मी बोललो, "अव्वाला दिवा पाहिजे होता."

तो काही बोलणार तेवढ्यात अव्वाच भंडाऱ्याची वाटी घेऊन आली. तिनं चावी फिरवायला लावली, जळता दिवा बघितला आणि काचेला भंडारा लावून हात जोडले. "आता माझी दिवटी वाटेत जायची न्हाय," ती म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून आत गेली. फौजीनं तार सोडून दिली.

"मी त्यांचं मन मोडत न्हाय," तो म्हणाला. "पण हा दिवा आता मुका झाला दादा. एक करा. रोज दिवेलागणीला गाडी भिंतीपुढं उभी करा. हेडलाइट लावून वेग वाढवा. उजेड वाढला तर ठीक. न्हाय वाढला तर गाडी बाहेर काढू नका." आणि चावी माझ्या हातावर ठेवून तो मालमोटारीकडं निघून गेला.

अप्पांना सांगितलं असतं तर माझी धडगत नव्हती. त्यानं सांगितलं न्हाय. मला वाटलं, भितोय. मला मनापासून तसंच वाटावं अशी माझी इच्छा होती.

पुढचे चार महिने मी राजा होतो. अव्वाला बेंबळीला तिच्या भाचीकडं नेलं, तुळजापूरला नेलं. ती पुढं बसायची आणि सगळी वाट तांबड्या दिव्याकडं बघत बसायची. "बघ, कसा जळतोय," म्हणायची. भिंतीपुढं मात्र मी गाडी एकदाही लावली न्हाय. आडतीच्या आवारात संध्याकाळी फौजी बसलेला असायचा. त्यानं सांगितलेलं काम त्याच्या देखत करायचं? मान कापली तरी न्हाय.

मग चंपाषष्ठी आली. अव्वाला घेऊन मी अणदूरला गेलो. दर्शन झालं, भंडारा उधळला, तिनं प्रसाद घेतला. निघायला उशीर झाला. नळदुर्ग सोडलं तवा दिवस मावळत होता. जळकोटच्या अलीकडं अंधारून आलं म्हणून मी हेडलाइट लावले. उजेड पिवळट पडला. मला वाटलं, काचांवर धूळ असंल. हॉर्न दाबला तर तो रेडकासारखा कण्हला. आणि मग अव्वा म्हणाली, "मगा, माझा दिवा बारीक होतोय रे."

मी बघितलं. तांबडी काच विझत्या निखाऱ्यागत झाली होती. तवा कुठं माझ्या डोक्यात लख्ख झालं. डायनामो कधीचा मेला होता. सगळी वाट गाडी बॅटरीवर चालत होती आणि बॅटरी संपत आली होती. दिवा सकाळपासून जळत होता, पण तो तर मी बांधून ठेवलेला दिवा. तो काय सांगणार?

"मल्लय्या, मल्लय्या," अव्वा पुटपुटत होती. पुढं उतार होता. हेडलाइट पार गेले. त्याच वेळी समोर एक बैलगाडी, कंदील न्हाय की काय न्हाय. बैलांचे डोळे दिसले आणि मी गाडी डावीकडं घातली. पुढचं चाक खड्ड्यात गेलं. अव्वा फळीवर आदळली. तिचा हात तिनं त्या तांबड्या दिव्यापुढं आडवा धरला होता, वारा लागू नये म्हणून धरतात तसा. मनगट मोडलं. ती ओरडली न्हाय. फक्त म्हणाली, "दिवा गेला का रे?"

मी तिला उतरवून रस्त्याच्या कडंला बसवलं. बैलगाडीवाला पाणी घेऊन आला. मी रडत होतो, आणि ती एका हातानं माझी पाठ थोपटत होती. अर्ध्या तासानं सोलापूरकडून एक मालमोटार आली. मला आवाजावरनंच कळलं. सहा वर्षं चालवलेली मोटार ती. जगात दुसरं कुणीबी यावं, तो येऊ नये असं मला वाटलं, आणि तोच यावा असंही वाटलं.

फौजीनं आधी अव्वाचा हात आपल्या धोतराच्या पट्टीनं बांधला आणि तिला केबिनमध्ये बसवलं. मग खिशातला बल्ब काढून गाडी तपासली. डायनामोचा ब्रश झिजून तुटला होता. भिंतीपुढं एकदा गाडी लावली असती तर कधीच कळलं असतं. त्यानं दोर काढला, माझी गाडी मालमोटारीच्या मागं बांधली आणि म्हणाला, "दादा, माझ्या मागच्या दिव्याकडं बघत या. मी सावकाश जातो."

मुरूमपर्यंत मी अंधारात बसून त्याच्या मालमोटारीचा मागचा तांबडा दिवा बघत आलो. तो उजवीकडं गेला की मी उजवीकडं, तो थांबला की मी थांबलो. केबिनमधून मधूनमधून अव्वाचा आवाज यायचा. ती त्याच्याशी काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं, आणि एवढ्या सगळ्यातही मी कान टवकारून तेच ऐकायचा प्रयत्न करत होतो.

घरी अप्पा कंदील घेऊन उभे होते. "कसं झालं हे? कुणाचा कसूर?" त्यांनी फौजीलाच विचारलं.

फौजी म्हणाला, "ब्रश तुटला अप्पा. कधी तुटंल सांगता येत न्हाय. दादांनी गाडी कडंला घातली म्हणून बैलगाडीवर गेली न्हाय."

मला वाटलं होतं की मी सुटलो म्हणून खूश होईन. कशाचं काय! आता मला त्याच्या चांगुलपणाचाही हेवा वाटायला लागला. बिजलीचं काम एक वेळ शिकून घेता आलं असतं. हे कुठनं शिकायचं?

दुसऱ्या दिवशी मी फळीमागची ती तार काढून फेकली आणि दिव्याची खरी तार डायनामोला जोडली. ब्रश फौजीनं सोलापूरहून आणून बसवला. रोज संध्याकाळी मी त्याच्या देखत गाडी भिंतीपुढं लावायला लागलो. तो बघायचा आणि बिडी ओढायचा.

हाडवैद्यानं अव्वाच्या हाताच्या पट्ट्या सोडायला दीड महिना लावला. सोडल्या त्याच आठवड्यात ती म्हणाली, मल्लय्याला जायचं. ती पुढच्या सीटवर बसली. मी चावी फिरवली, दिवा लागला, तिनं दुखऱ्या हातानं भंडारा लावला. इंजिन लागलं. दिवा गेला.

"मगा, दिवा गेला."

"व्हय अव्वा. गेला म्हणजे सगळं ठीक हाय."

"हे तर फौजी म्हणायचा."

"व्हय."

"तू म्हणालास, त्याला कळत न्हाय. गाडी राजी असली की दिवा लागतो म्हणालास. मग चार महिने जळत होता, तो काय होता?"

खोटं अजूनबी जिभेवर तयार होतं. पण तिच्या मनगटाचं हाड जरा वाकडं जुळलं होतं आणि माझी नजर तिथंच होती.

"त्याला मी मुका केला होता अव्वा. गाडी रुसली तरी तो तसाच जळला असता. फौजीचंच खरं होतं. मला गाडी पाहिजे होती, आणि..."

"आणि काय?"

"तुम्ही त्याला मगा म्हणालात."

इंजिन चालू होतं. अव्वा म्हणाली, "माझ्या देवापुढं तू खोटा दिवा लावलास? उतर." मी उतरलो. "त्याला बोलव."

फौजी हात पुसत आला. अव्वानं माझ्याकडून चावी त्याला द्यायला लावली, माझ्या हातानं, सगळ्या आवारासमोर. मी तिथनं निघालो.

"कुठं चाललास?" ती ओरडली. "मागं बस. मल्लय्यापुढं नाक मी घासू का?"

मी मागच्या सीटवर बसलो. सहा वर्षं मालमोटार आणि पाचसहा महिने गाडी चालवून पहिल्यांदाच मागं बसलो होतो. फौजीनं चावी फिरवली, इंजिन लागलं.

"गेला का रे दिवा?" अव्वानं त्याला विचारलं.

"गेला अव्वा."

"बरं झालं. चल मगा."

आणि एवढं सगळं होऊनही, मागं बसून, त्या एका शब्दानं माझ्या पोटात पुन्हा कळ उठलीच.